आधी दुर्गंध, मग भय

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाला राक्षसांचा तोटा नाही. आग ओकणारे ड्रॅगन आहेत, एका मोठ्या डोळ्याभोवती डोळ्यांचे देठ फुटलेला बिहोल्डर आहे, माणसाचा मेंदू खाणारे माइंड फ्लेअर आहेत. त्यांची चित्रे मुखपृष्ठांवर झळकतात, त्यांच्या छोट्या मूर्ती हौसेने रंगवून लोक कपाटात मांडतात. ट्रोग्लोडाइटच्या वाट्याला यातले फारसे काही येत नाही. तो गुहेत राहतो, दिसतो सरड्यासारखा, चालतो माणसासारखा दोन पायांवर, आणि त्याच्या अंगाला अशी घाण येते की शेजारी उभे राहवत नाही. नवशिक्या खेळाडूंसमोर सुरुवातीच्या बैठकांत त्याला आणायचे, चार-दोन मारायचे आणि गोष्ट पुढे न्यायची, एवढाच त्याचा उपयोग बहुतेकांना ठाऊक असतो. मला मात्र तो या सबंध राक्षससंग्रहातली एक अस्सल निर्मिती वाटत आला आहे. त्याच्यापेक्षा भयंकर राक्षस पुष्कळ आहेत, पण ज्याच्या एकाही गोष्टीचा दुसरीशी मेळ तुटत नाही असे थोडे. घाण, अंधार, भूक, रंग बदलणारी कातडी आणि झोपलेला देव हे सारे एकाच मुळातून फुटलेले आहे. ते मूळ कोणते, हे त्याची नोंद सावकाश वाचली की सापडते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडेसे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ 1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. त्यांच्यातला एक डंजन मास्टर असतो. समोर काय आहे, कोण आले, काय ऐकू येते हे तो सांगतो. बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने काय करतो ते सांगतात, आणि निकाल संशयाचा असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. नकाशे आणि मूर्ती असल्या तर बरे, नसल्या तरी अडत नाही. कथेकरी बुवांच्या पुढ्यात जसा समुद्रही नसतो आणि सेतूही नसतो, तरी श्रोत्याला दोन्ही दिसतात, तसेच इथे. मुळात ही बोलून उभी करायची कला आहे.

या कलेतला राक्षस दोन भागांत लिहिलेला असतो. एक भाग गद्य वर्णनाचा, दुसरा आकड्यांचा. जिंकण्यासाठी खेळणारे आकडे वाचतात, गोष्टीवर प्रेम करणारे वर्णन वाचतात. रसिकाने दोन्ही एका नजरेत घ्यावेत, कारण चांगल्या नोंदीत आकडा हाही वर्णनाचाच भाग असतो. ट्रोग्लोडाइटची नोंद अशी आहे.

1977 च्या पहिल्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये तो आहे आणि पुढच्या आवृत्त्यांतही त्याने आपली जागा राखली. 2014 सालच्या पाचव्या आवृत्तीतली त्याची नोंद लहानशीच आहे. तिच्यातले सांगणे थोडक्यात असे: हे लोक पचेल ते खातात. त्यांच्या गुहांच्या भिंती मळाने, अंगातून पाझरणाऱ्या तेलकट स्रावाने आणि खाऊन टाकलेल्या उष्ट्या-खरकट्याने माखलेल्या असतात. राहतात टोळीने, आणि टोळीचा सगळा जीव अन्न मिळवण्यात गुंतलेला. काही दिवसांपलीकडचा बेत त्यांना आखता येत नाही. स्वतः फारसे काही घडवत नाहीत, मारलेल्यांचे काढून घेतलेले वापरतात. त्यांतले पुष्कळजण लाओग्झेड नावाच्या देवाला भजतात. हा देव बेडूक आणि सरडा यांच्या मधला, अवाढव्य, लठ्ठ आणि पाताळात झोपलेला.

या वर्णनातली भिंत मला फार महत्त्वाची वाटते. राक्षसाच्या अंगाला घाण येते एवढे सांगून लेखक थांबले असते तरी काम भागले असते. त्यांनी तोच स्राव घराच्या भिंतीवरही नेला. त्यामुळे अंग कुठे संपते आणि घर कुठे सुरू होते ही सीमाच पुसली गेली. गुहेत पाऊल टाकणारा माणूस ट्रोग्लोडाइट भेटण्याच्या कितीतरी आधी त्याच्या अंगाला हात लावून बसलेला असतो. वाटेत आधारासाठी भिंतीला हात टेकावा आणि तो बुळबुळीत होऊन परत यावा, याहून कमी शब्दांत एखाद्या जमातीची ओळख करून देणे कठीण आहे.

बोलून सांगण्याच्या कलेत दुर्गंध इतका परिणाम का करतो, याचे कारण इंद्रियांच्या स्वभावात आहे. डोळ्याला अंतर लागते. समोर सहा फुटांचा सरडा उभा आहे असे डंजन मास्टरने सांगितले की खेळाडू मनातल्या मनात एक चित्र काढतो आणि ते आपल्यापासून हातभर लांब ठेवून पाहतो. वासाला असे लांब ठेवता येत नाही. तो आत आल्यावरच कळतो. शिवाय वासाला आकार नसतो, त्यामुळे तो सांगणाऱ्याच्या शब्दांत पुरता मावत नाही. उरलेला भाग ऐकणारा स्वतःच्या आठवणीतून भरतो. एकाला पावसाळ्यात तुंबलेले गटार आठवते, दुसऱ्याला माळ्यावर उंदीर मरून पडला होता ते दिवस, तिसऱ्याला फुटलेले नासके अंडे. सरडा सगळ्यांना जवळपास सारखाच दिसतो, घाण मात्र ज्याची त्याला वेगळी येते आणि म्हणूनच ती खरी वाटते.

इथे नाट्यशास्त्राची आठवण होणे मराठी रसिकाला साहजिक आहे. भरतमुनींनी बीभत्स रसाचे विभाव सांगताना नकोशा वस्तूच्या दर्शनाबरोबर गंध, रस, स्पर्श आणि शब्द यांचे दोषही मोजले आहेत. जुगुप्सा अभिनयाने कशी दाखवावी हे सांगताना नाक झाकणे आणि अंग आखडून घेणे या खुणा दिल्या आहेत. रक्त-आतडी पाहून होतो तो क्षोभज बीभत्स, आणि विष्ठा-कृमींसारख्या गोष्टींनी होतो तो उद्वेगी, असा भेदही केला आहे. या खेळातले बहुतेक राक्षस क्षोभज बीभत्सावर पोसलेले आहेत. त्यांचा घाव बसतो, रक्त उडते, किंकाळी उठते आणि क्षण संपतो. ट्रोग्लोडाइट उद्वेगी जातीचा आहे. त्याने अजून कोणाला स्पर्शही केलेला नसतो, तरी त्याचा त्रास सुरू झालेला असतो, आणि तो मेल्यावरही लगेच थांबत नाही.

याहून मोलाचे भरतांचे दुसरे विधान आहे. आठ रसांतले चार मूळचे: शृंगार, रौद्र, वीर आणि बीभत्स. उरलेले चार त्यांच्यापासून जन्मतात. शृंगारापासून हास्य, रौद्रापासून करुण, वीरापासून अद्भुत आणि बीभत्सापासून भयानक. आपल्याला सहसा क्रम उलटा वाटतो, आधी भीती वाटावी आणि जवळ गेल्यावर किळस यावी असा. भरत म्हणतात किळस आधी. शरीर आधी मागे सरते, आणि आपण मागे का सरलो हे मनाला विचारता विचारता भीती जन्माला येते. ट्रोग्लोडाइट नेमका या क्रमाने चालतो. आधी वास येतो. मग प्रश्न पडतो की हा वास कोणाचा. आणि त्या प्रश्नाच्या पोटातून भय बाहेर येते. गायगॅक्सने भरत वाचला असेल असे मला सुचवायचे नाही. माणसाचे शरीर सगळीकडे सारखेच आहे, आणि दोघांनीही त्याकडे नीट लक्ष दिले, एवढेच.

हे टेबलावर घडताना पाहिले की जास्त पटते. आमच्या एका खेळात डंजन मास्टर असलेल्या मित्राने गुहेचे वर्णन करताना राक्षसाचे नावही घेतले नव्हते. कंदिलाची ज्योत, ओली भिंत, हाताला लागलेला चिकट थर, आणि मग घशापर्यंत आलेला वास, एवढेच तो सांगत गेला. जादूगाराचे पात्र खेळणारी मैत्रीण खुर्चीत मागे सरकून म्हणाली, “मी श्वास रोखून धरते.” मित्राने मान डोलावली आणि विचारले, “ठीक. पण आता मंत्र कसा म्हणणार?” टेबलावर एकदम शांतता पसरली. या खेळात बहुतेक मंत्र तोंडाने उच्चारावे लागतात. उच्चारायला श्वास सोडावा लागतो, आणि सोडला की पुन्हा घ्यावा लागतो. तिच्या पात्राचे सगळे सामर्थ्य तिच्या वाणीत होते, आणि त्या वाणीच्या दाराशी दुर्गंध बसला होता. अजून एकही शत्रू दिसलेला नव्हता. तरी त्या क्षणी आम्ही सगळेच खरोखर घाबरलो होतो.

आता आकडे पाहू. पाचव्या आवृत्तीत नियम असा आहे की ट्रोग्लोडाइट सोडून जो कोणी आपल्या पाळीच्या सुरुवातीला त्याच्यापासून 5 फुटांच्या आत असेल, त्याने शरीराच्या काटकपणाची परीक्षा द्यायची. फासा आणि अंगचे बळ मिळून 12 किंवा जास्त आले तर सुटका. नाही आले तर पुढच्या पाळीपर्यंत तो विषबाधा झाल्यासारखा होतो, म्हणजे वार करताना दोन फासे टाकून त्यातला कमी आकडा धरायचा. ज्याच्या अंगी विशेष काटकपणा नाही तो वीसपैकी अकरा वेळा या परीक्षेत नापास होतो. आणि वाराचे काय होते? ट्रोग्लोडाइटला वार लागायला 11 लागतात. पहिल्या पायरीवरचा चांगला योद्धा फाशात 5 मिळवतो असे धरले तर एरवी त्याचे चारपैकी तीन वार लागतात, आणि मळमळत असताना सुमारे 56 टक्केच लागतात. तलवार तीच, हात तोच. अंग मात्र आखडलेले. भरतांनी नटाला सांगितलेली खूण इथे फासा करून दाखवतो.

या नियमाचे शेपूट तर मला फारच आवडते. जो परीक्षेत पास झाला त्याला पुढचा एक तास कोणत्याही ट्रोग्लोडाइटच्या वासाचा त्रास होत नाही. वरवर पाहता ही खेळ सुटसुटीत ठेवण्याची सोय आहे, पाळीमागून पाळी तीच परीक्षा देत बसायला नको म्हणून केलेली. पण वासाचा अनुभव घेतलेल्या कोणालाही यातले सत्य ओळखू येईल. नाकाला सवय होते. पहिल्या दाट झोतातून जो तगून राहिला त्याला थोड्या वेळाने तोच वास जाणवेनासा होतो. आणि सवय होणे ही दिलासा देणारी गोष्ट असली तरी भिववणारीही आहे. त्या एका तासात आपले नाक ट्रोग्लोडाइटांच्या नाकासारखे झालेले असते. गुहेत राहण्याची पहिली पात्रता आपण मिळवलेली असते. नियमाच्या एका वाक्यात इतका अर्थ दडलेला क्वचित आढळतो.

निरनिराळ्या आवृत्त्यांत हा वास कसा बदलत गेला तेही पाहण्यासारखे आहे. 1977 मध्ये त्या वासाने माणसाची ताकद ओसरत जाई, अंगातले बळच गळे. 1981 साली टॉम मोल्डव्हे याने संपादित केलेल्या प्राथमिक संचात हे आटोपशीर झाले आणि समोरासमोरच्या लढाईत वारातून 2 वजा होऊ लागले. 2003 च्या साडेतीन आवृत्तीत मात्र लेखकांनी एक गोष्ट स्पष्ट लिहिली, आणि तिने या प्राण्याचा स्वभावच उजळला. तिथे ट्रोग्लोडाइट रागावला किंवा घाबरला की त्याच्या अंगातून तेलकट, कस्तुरीसारखा उग्र स्राव निघतो आणि 30 फुटांपर्यंतच्या जिवांना मळमळू लागते. रागावला किंवा घाबरला. अमेरिकेतल्या गावात राहणाऱ्याला हे नवे नाही. तिथला स्कंक नावाचा लहानसा प्राणी घाबरला की शेपटीखालून अशीच असह्य फवारणी करतो. म्हणजे आपल्याला येणारी घाण हा त्यांच्या भीतीचा उच्चार आहे. आपण नाक मुरडतो तेव्हा समोरचा थरथरत असतो.

पाचव्या आवृत्तीत वासाचा घेर 5 फुटांचा आहे आणि तो कायमचा आहे. लढाई चालवायला हे सोपे झाले, हे मान्य. पण रसाच्या दृष्टीने मला जुना नियम सरस वाटतो, कारण त्यामुळे रंग बदलणाऱ्या कातडीला अर्थ येतो. ट्रोग्लोडाइट सरड्यासारखा भिंतीच्या रंगात मिसळून दबा धरतो. ज्याला लपायचे आहे त्याच्या अंगाला चोवीस तास दूरवर जाणारी घाण कशी परवडेल? 2003 च्या नियमात हा पेच सुटतो. दबा धरलेला असताना तो दगडासारखा दगड असतो, ना दिसतो ना वासावरून कळतो. हल्ल्याच्या क्षणी राग चढतो, भीती चढते, आणि एकाच वेळी भिंतीतून देह आणि देहातून दुर्गंध सुटतो. डोळ्यांपासून लपलेली गोष्ट नाकापाशी फुटते. असा प्रवेश फार थोड्या राक्षसांना मिळाला आहे. माझा सल्ला विचाराल तर आकडे पाचव्या आवृत्तीचे घ्यावेत आणि वासाचे कारण 2003 चे.

या प्राण्याचे कूळ जुने आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने आफ्रिकेतल्या गुहावासी लोकांचे याच नावाने वर्णन केले आहे. ते फार वेगाने धावतात, साप आणि सरडे खातात, त्यांची भाषा वटवाघळांच्या चीत्कारासारखी आहे, आणि गरामांत नावाचे लोक चार घोड्यांच्या रथांतून त्यांची शिकार करतात, असे तो सांगतो. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीनेही गुहा हेच त्यांचे घर, सापाचे मांस हे त्यांचे अन्न आणि चिरका आवाज हीच त्यांची वाणी, असे लिहून ठेवले. हेरोडोटसच्या त्या तुकड्यात दुर्गंधाचा उल्लेख नाही. खेळापर्यंत येता येता दोन उलथापालथी झालेल्या मला दिसतात. जे सरडे खात होते तेच सरडे झाले. आणि ज्यांची शिकार होत होती ते शिकारी झाले. पुरातन ग्रंथात बिचारे रथाच्या पुढे धावत आहेत, आधुनिक खेळात ते अंधारात वाट पाहत आहेत. मधल्या वाटेवर जोनाथन स्विफ्टच्या 1726 च्या गलिव्हरच्या प्रवासातले याहू भेटतात, टेकडीच्या कुशीत नखांनी बिळे खोदून राहणारे आणि दुर्गंधी. त्यांच्या देशातून परतल्यावर गलिव्हरला आपल्या बायको-मुलांचाही वास सोसवत नाही, तो नाकात लव्हेंडर किंवा तंबाखूची पाने कोंबतो. रॉबर्ट ई. हॉवर्डची 1932 साली आलेली ‘वर्म्स ऑफ द अर्थ’ ही कथाही याच कुळातली. पूर्वी जमिनीवर राहणाऱ्या एका जमातीला दुसऱ्यांनी हुसकून भूगर्भात लोटले आणि पिढ्यान् पिढ्या अंधारात राहून ती सापासारखी झाली, असे तिच्यात आहे. हॉवर्डचे नाव गायगॅक्सने 1979 साली आपल्या प्रेरणास्थानांच्या यादीत आवर्जून दिले होते.

हे कूळ लक्षात ठेवून नोंदीतल्या दोन तपशिलांकडे वळावे. पहिला तलवारीचा. धातूच्या शस्त्रांचे मोल या लोकांना कळते, आणि एका लांब तलवारीसाठी अख्खी टोळी आपसांत लढून फुटू शकते, असे पाचव्या आवृत्तीत म्हटले आहे. लेखकांना त्यांची रानटी वृत्ती दाखवायची असेल. मला त्यात वेगळे काही दिसते. ज्यांना लोखंड वितळवता येत नाही, ज्यांच्या हातून काही घडत नाही, त्यांना घडवलेल्या वस्तूची किंमत मात्र कळते. बुद्धी 6, शहाणपण 10, असे त्यांचे आकडे आहेत. खेळातल्या सर्वसाधारण माणसाचे शहाणपणही 10 च असते. म्हणजे विचार करण्यात हे लोक मागे आहेत, जाणण्यात मागे नाहीत. काय हवे ते कळते, ते कसे मिळवावे ते कळत नाही. भुकेची याहून अचूक व्याख्या सापडणे अवघड.

दुसरा तपशील देवाचा. या खेळातले देव काहीतरी देतात. कोणी बळ देतो, कोणी सूड, कोणी मृत्यूनंतरची जागा. लाओग्झेड काहीच देत नाही. तो नुसता झोपलेला आहे, पोट भरून. भक्तांना त्याच्याकडून मिळते ते एक स्वप्न: आपणही एक दिवस असेच लठ्ठ, धाले-पोसलेले आणि निवांत असू. जगातल्या कित्येक पुराणांतून अमृत, कल्पवृक्ष, सोन्याची नगरे आहेत. या लोकांच्या स्वर्गात फक्त भरलेले पोट आणि झोप आहे. ज्याच्या कल्पनेची धाव जेवणापलीकडे जाऊच शकली नाही, त्याने किती पिढ्या उपास काढले असतील! लेखकांनी हे भेसूर विनोदासारखे लिहिले असले तरी मला ते या नोंदीतले सर्वांत हेलावणारे वाक्य वाटते. इथे भूक सापडली की घाण, लूट, तलवारीवरून फुटणे आणि चार दिवसांपुढे न पोहोचणारी बुद्धी हे सारे एका ओळीत येऊन उभे राहते. मी सुरुवातीला म्हटले ते मूळ हेच.

आणि आता या नोंदीतली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट. ट्रोग्लोडाइटला उन्हाचा त्रास होतो. सूर्यप्रकाशात वार करताना त्याने दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा, असा नियम आहे. वाचकाला आठवत असेल, त्याच्या वासाने मळमळलेल्या माणसासाठी वाराचा नियम हाच आहे. शब्द वेगळे, दंड एकच. त्यांचा गंध आपल्या अंगाला जे करतो तेच आपले ऊन त्यांच्या डोळ्यांना करते. त्यांच्या गुहेत आपण दुबळे, आपल्या अंगणात ते दुबळे. वाराच्या आकड्यांत ही समता आहे, आणि तिच्याकडे पाहिल्यावर असह्य कोण आणि सहन करणारा कोण हा प्रश्न एकतर्फी राहत नाही. त्यांच्या एखाद्या कथेत आपलेही वर्णन असेल: डोळे भाजणारा उजेड घेऊन फिरणारी, कोरड्या कातडीची, घरात शिरून मारणारी जमात.

म्हणूनच या नोंदीतला दोषही स्पष्ट सांगितला पाहिजे. तिने संपूर्ण जमातीला अधःपतित आणि दुष्ट ठरवून टाकले आहे, जन्मानेच. एखाद्या लोकसमूहाला घाणेरडा म्हणायचे, त्याच्या राहणीचा वास पुढे करायचा, आणि मग त्याच्यावर केलेल्या प्रत्येक वारातून पाप काढून घ्यायचे, ही रीत केवळ खेळांतली नाही. मराठी वाचकाला ती फार जवळून ठाऊक आहे. इथे किळस हे शतकानुशतके माणसाला माणसापासून लांब ठेवण्याचे हत्यार होते. 1972 साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला तेव्हा मराठी साहित्याने जे नाक झाकून टाळले होते तेच कवितेच्या मध्यभागी येऊन बसले. त्यानंतर मराठीत दुर्गंधाचे वर्णन निरागसपणे वाचता येत नाही, आणि येऊही नये. काल्पनिक सरड्यांची तुलना कोणत्याही खऱ्या माणसांशी करायची नाही, ती करणे हाच मोठा अन्याय होईल. पण नाक मुरडण्याची ती जुनी सवय आपल्यात किती सहज जागी होते, हे या खेळाच्या टेबलावर स्वच्छ दिसते, आणि दिसले ते विसरू नये.

दोष मान्य करूनही ही निर्मिती मला मोठी वाटते, ती याच कारणाने. लेखकांनी न्याय वर्णनात केला नाही, पण तो आकड्यांत होऊन बसला आहे. उन्हाचा नियम, माणसाइतकेच शहाणपण, भीतीतून सुटणारा गंध आणि पोटभर झोपलेला देव हे चार तपशील एकत्र वाचले की दुष्टपणाचा शिक्का पुसट होतो आणि खाली उपाशी, घाबरलेला, उजेडाला पारखा झालेला जीव दिसू लागतो. बीभत्सापासून भयानक हा क्रम भरतांनी सांगितला. करुण रसाचा उगम त्यांनी रौद्रात ठेवला आहे, बीभत्सात नाही. तरी ट्रोग्लोडाइटच्या बाबतीत भयानकाच्या पलीकडे करुणाही आहे असे मी म्हणेन, आणि ती वाचकाला शोधून काढावी लागते म्हणून तिची किंमत जास्त.

याचा अर्थ लढाई टाळावी असा नाही. गावातली गुरे आणि माणसे पळवून खाणाऱ्यांना अडवावेच लागते, आणि साहसाच्या खेळात तलवार उपसण्याचा आनंदही खरा आहे. डंजन मास्टरला माझे सांगणे एवढेच, की 13 प्राणबिंदूंची, म्हणजे तेवढा मार खाऊन पडणारी वीट म्हणून ट्रोग्लोडाइट आणू नका. भिंत आधी सांगा, वास मग, देह सर्वांत शेवटी. शहाणे खेळाडू त्यांना भर दुपारी गुहेच्या तोंडाशी ओढून आणतील, कारण नियम तसे करायला सांगतो. तेव्हा त्यांच्या डोळ्यांना काय होते तेही तितक्याच बारकाईने सांगा, जितक्या बारकाईने आमच्या नाकाला काय झाले ते सांगितले होते. खेळाडूंनी जिंकावे, जरूर जिंकावे. पण आपण भुकेला हरवले, पापाला नव्हे, हे कळून जिंकावे. एवढे ज्या टेबलावर साधेल तिथे हा उपेक्षित राक्षस ड्रॅगनच्या पंक्तीला बसेल.